ड्रॅग गाडीसाठी इंजिन माउंट निवडताना: रबर, पॉलियुरेथेन, सॉलिड की प्लेट?

प्रश्न

नमस्कार. पाव मैलाच्या, म्हणजे ४०२ मीटरच्या शर्यतीसाठी तयार होत असलेल्या माझ्या गाडीच्या इंजिन माउंटविषयी (इंजिनाला चौकटीवर धरून ठेवणाऱ्या आधारांविषयी) जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. गाडी जुनी, दोन दारांची, रिअर व्हील ड्राइव्ह आहे. इंजिन ओतीव लोखंडी ब्लॉकचे व्ही-८ असून त्याचा कमाल टॉर्क (फिरवण्याचा जोर) सुमारे ८५० न्यूटन-मीटर आहे. त्यामागे तीन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाचा जोर द्रवामार्फत गिअरबॉक्सला देणारा आणि सुटताना तो वाढवणारा भाग) आणि ट्रान्सब्रेक (बटणाने गिअरबॉक्स अडकवून गाडी जागीच धरून ठेवणारी यंत्रणा) आहे. डिफरन्शियलचे गुणोत्तर ४ च्या आसपास आहे, मागे स्लिक टायर आहेत आणि चालकासह वजन अंदाजे १५०० किलो भरते. इंजिन पुढच्या सबफ्रेमवर (पुढच्या वेगळ्या चौकटीवर) बसते आणि ती सबफ्रेम अजूनही मूळच्या रबरी बुशांवरच (जोडांतल्या रबरी तुकड्यांवरच) बॉडीला जोडलेली आहे.

अडचण अशी की डाव्या बाजूचे मूळ रबरी माउंट फाटले आहे. काढून पाहिले तेव्हा रबर मधून तुटलेले नव्हते. ते खालच्या धातूच्या पत्र्यापासून सोलल्यासारखे सुटे झाले होते. त्याच बाजूच्या हेडरची (धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जुडग्याची) एक नळी स्टिअरिंग शाफ्टला लागून शाफ्टवर बोटभर लांबीचा चकचकीत ओरखडा उमटला आहे. उजवीकडचे माउंट मात्र थोडे चेपण्यापलीकडे शाबूत आहे.

आता पर्याय चार दिसतात: तसेच नवे रबरी माउंट आणि सोबत इंजिन उचलले जाऊ नये म्हणून साखळी, पॉलियुरेथेनचे माउंट, ॲल्युमिनियमचे सॉलिड माउंट, किंवा थेट पुढची व मधली प्लेट. गाडी क्वचितच रस्त्यावर येते, त्यामुळे थरथर सहन करण्याची तयारी आहे. पण ब्लॉकला किंवा गिअरबॉक्सच्या कवचाला तडा जाण्याची भीती वाटते. निवड कोणत्या निकषावर करावी आणि गिअरबॉक्सचे माउंट त्याच्याशी कसे जुळवावे, हे कृपया सविस्तर सांगावे.

पहिले उत्तर

आपले डावेच माउंट का गेले, हे आधी समजून घेतले तर निवड सोपी होते. समोरून पाहिल्यास बहुतेक इंजिनांचा क्रँक (मुख्य फिरता दांडा) घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, त्यामुळे ब्लॉकला मिळणारा पीळ नेमका उलट्या दिशेने असतो आणि गाडीची डावी बाजू वर उचलली जाते. म्हणजे उजव्या माउंटवर दाब येतो आणि डाव्यावर ओढ. धातूला चिकटवलेले रबर दाब उत्तम सोसते. ओढीखाली मात्र त्याचा सांधा कडेपासून सोलला जातो. आपण वर्णन केलेला प्रकार हाच आहे, आणि तसेच नवे माउंट बसवले तर तेही त्याच वाटेने जाईल.

हा भार किती असतो याचा अंदाज घ्या. माउंटना फक्त इंजिनाचा टॉर्क सोसावा लागतो असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात इंजिन आणि गिअरबॉक्स हा एकच जोडलेला ठोकळा असल्यामुळे प्रोपेलर शाफ्टमधून (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलकडे जाणाऱ्या दांड्यातून) जेवढा टॉर्क बाहेर पडतो, तेवढा पूर्ण टॉर्क उलट दिशेने माउंटवर येतो. ८५० ला पहिल्या गिअरच्या २.५ ने आणि कन्व्हर्टरच्या दुपटीने गुणले की ४,२५० न्यूटन-मीटर होतात. दोन माउंटमध्ये अर्ध्या मीटरचे अंतर धरले तर एका बाजूला ८,५०० न्यूटन वर आणि दुसऱ्या बाजूला तेवढेच खाली, म्हणजे सुमारे ८६५ किलोचा भार. त्या बाजूवर इंजिनाचे स्वतःचे वजन शंभरेक किलोच असते, ते या ओढीपुढे कुठेच पुरत नाही.

ट्रान्सब्रेकमुळे आणखी एक गोष्ट घडते. ट्रान्सब्रेक लावलेला असताना गिअरबॉक्स आतल्या आत कवचालाच अडकवलेला असतो, त्यामुळे कन्व्हर्टर पूर्ण जोराने ढकलत असला तरी तो भार इंजिन आणि कवच यांच्यातच फिरतो आणि माउंटपर्यंत जवळजवळ काहीच पोहोचत नाही. बटण सुटते त्या क्षणी तो सारा भार एकदम माउंटवर येतो. पायाच्या ब्रेकवर इंजिन ताणून धरणाऱ्या गाडीत माउंट आधीच पिळलेले असते आणि सुटताना भारात तुलनेने लहान वाढ होते. आपल्या गाडीत मात्र इंजिन आधी ढिलाईभर उचलले जाते आणि मग आदळून थांबते. मऊ माउंटचा शत्रू टॉर्कपेक्षाही हे आदळणे आहे.

रबर सुटल्याचे परिणाम गंभीर असतात, म्हणून इतिहासातले एक उदाहरण देतो. १९७१ च्या डिसेंबरमध्ये जनरल मोटर्सने सुमारे ६७ लाख गाड्या, त्यांतल्या बहुतेक १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या शेव्हरलेट, याच दोषासाठी परत बोलावल्या होत्या. माउंटचे रबर सुटले की इंजिन वर उचलले जाई आणि थ्रॉटलची जोडणी ओढली जाऊन तो उघडाच राहण्याचा धोका असे. उपाय म्हणून इंजिनाला पोलादी दोराचा बांध घालून दिला गेला. त्या साध्या रस्त्यावरच्या गाड्या होत्या. आपला टॉर्क आणि आपले टायर त्यांच्या कितीतरी पुढचे आहेत.

माझे मत स्पष्ट आहे. आपण थरथर सोसायला तयार असाल तर दोन्ही बाजूंना सॉलिड माउंट घ्या आणि गिअरबॉक्सच्या शेपटीला रबरी किंवा मऊ पॉलियुरेथेनचे माउंट ठेवा. याच्या उलट जोडी, म्हणजे पुढे मऊ आणि मागे सॉलिड, कधीही करू नये. कारण मग इंजिन पुढच्या टोकाला हलू पाहते, मागचे टोक घट्ट धरलेले असते आणि गिअरबॉक्सचे शेपटाचे कवच तडकते.

दुसरे उत्तर

वरच्या विवेचनाशी बव्हंशी सहमत आहे, परंतु ८६५ किलो हा आकडा कमाल मर्यादा म्हणून वाचावा. टायर जेवढे धरतात त्यापेक्षा जास्त टॉर्क प्रोपेलर शाफ्टमध्ये टिकून राहू शकत नाही. १५०० किलोची गाडी गुरुत्वाच्या १.६ पट त्वरणाने सुटली तर टायरवरचे बल सुमारे २३,५०० न्यूटन होते. टायरची त्रिज्या ०.३६ मीटर आणि डिफरन्शियल ४ धरले तर प्रोपेलर शाफ्टमध्ये २,१०० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क उरतो, आणि प्रत्येक माउंटवर साधारण ४३० किलो. टायर घसरून पुन्हा धरतो तेव्हा क्षणिक झटका याच्या वर जातो, म्हणून जुळणी मोठ्या आकड्यासाठीच करावी. पण सॉलिडशिवाय गत्यंतर नाही, असा निष्कर्ष त्या आकड्यावरून काढू नये.

चांगल्या बांधणीचे पॉलियुरेथेन माउंट हा भार आरामात घेते. ‘बांधणी’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण खरेदी करताना लोक कडकपणाचा आकडा पाहतात आणि रचना पाहत नाहीत. ज्या माउंटमध्ये पॉलियुरेथेन दोन पत्र्यांना नुसते चिकटवलेले असते, त्याची गत शेवटी आपल्या रबरासारखीच होऊ शकते. आपल्याला हवे ते एकमेकांत अडकणाऱ्या कवचांचे माउंट: वरचे आणि खालचे पोलादी कवच एकमेकांच्या आत गुंतलेले असते, मधून आरपार बोल्ट जातो आणि इंजिन वर उचलले जाऊ लागले तरी पॉलियुरेथेन दोन धातूंच्या मध्ये दाबलेच जाते. आतला भाग वितळून गेला तरीही इंजिन सुटून वर येऊ शकत नाही. माउंट हातात घेऊन स्वतःला एकच प्रश्न विचारा: यातला सगळा मऊ भाग काढून टाकला तर दोन धातूचे भाग वेगळे होतील का? होत असतील तर ते घेऊ नका.

कडकपणाविषयी थोडे. मूळ रबर साधारण ४५ ते ६५ शोअर-ए (रबरासारख्या पदार्थांचा कडकपणा मोजण्याचे माप) असते आणि बाजारातले पॉलियुरेथेन ६० पासून ९५ पर्यंत मिळते. आपल्या गाडीसाठी मी ८५ ते ९५ च्या पट्ट्यात राहीन. मात्र शोअरचा आकडा हा पदार्थाचा असतो, माउंटचा नसतो. जाड ठोकळ्याचे ९० हे पातळ चकतीच्या ७५ पेक्षा जास्त हलू शकते. रंगावरूनही काही ठरवू नये, कारण प्रत्येक उत्पादकाचे रंग वेगळे असतात.

पॉलियुरेथेनची खरी दुखरी बाजू उष्णता आहे. साधारण ८०-९० अंशांच्या पुढे ते मऊ पडू लागते आणि तापलेल्या अवस्थेत दाबलेले राहिले तर मूळ आकारात परत येत नाही. आपली हेडरची नळी माउंटला लागूनच जात असणार, म्हणून दोहोंच्या मध्ये हवेची फट ठेवून पत्र्याची ढाल लावा आणि नळीला उष्णतारोधक पट्टी गुंडाळा. हे न केल्यास आज घेतलेले ९० चे माउंट मोसमाच्या शेवटी कितीचे उरेल हे सांगता येत नाही.

साखळीबद्दल बोलायचे तर ती बांध म्हणून ठीक आहे, पण तिच्यातली ढिलाई म्हणजे आदळण्यासाठी दिलेली मोकळी जागाच असते. तिच्याऐवजी डाव्या बाजूला, सिलिंडर हेडच्या पुढच्या टोकापासून फ्रेमपर्यंत, दोन्ही टोकांना रॉड एंड (फिरणारा गोल सांधा) असलेला लांबी जुळवता येणारा दांडा लावा. तो बसवताना इंजिन आपल्या वजनावर स्थिर असावे आणि दांड्यात ना ओढ असावी ना दाब. त्याच्या बोल्टला दोन्ही बाजूंनी पत्र्याचा आधार द्या. एकाच बाजूने लोंबकळणारा बोल्ट वाकतो.

तिसरे उत्तर

वरील दोन्ही उत्तरांत माउंटची तुलना उत्तम झाली आहे, परंतु प्रश्नातले एक वाक्य दोघांकडूनही निसटले असे वाटते: सबफ्रेम अजून रबरी बुशांवर आहे. माझ्या दृष्टीने सगळा निर्णय तिथेच आहे.

माउंट घट्ट करणे म्हणजे हालचाल नाहीशी करणे नव्हे. ती पुढच्या मऊ जागी ढकलणे होय. आपण इंजिन सबफ्रेमला सॉलिड जोडले तर इंजिन सबफ्रेमच्या तुलनेत हलणार नाही, पण सबफ्रेम बॉडीच्या तुलनेत पिळेल. आता गिअरबॉक्सचा आडवा सदस्य, म्हणजे त्याच्या शेपटीला खालून आधार देणारा आडवा दांडा, कुठे जोडला आहे ते पाहा. तो सबफ्रेमलाच असेल तर सगळे एकत्र हलते आणि नुकसान मर्यादित राहते. तो बॉडीच्या तळाला असेल तर इंजिन एका तुकड्यावर आणि गिअरबॉक्सचे शेपूट दुसऱ्या तुकड्यावर, अशी स्थिती होते, आणि त्या दोन तुकड्यांना एकत्र धरून ठेवण्याचे काम बिचाऱ्या बेलहाउसिंगवर (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या घंटेच्या आकाराच्या कवचावर) आणि गिअरबॉक्सच्या ॲल्युमिनियम कवचावर येते. आपल्याला ज्या तड्याची भीती वाटते, तो बहुतेक वेळा अशा रीतीने येतो; सॉलिड माउंट त्याला एकटे जबाबदार नसते.

म्हणून माझा क्रम वेगळा आहे. आधी सबफ्रेमचे बुश ॲल्युमिनियमचे करा, सबफ्रेमपासून मागच्या चौकटीपर्यंत जोडदांडे वेल्ड करून घ्या, आणि मग माउंट निवडा. चासी ताठ झाल्यावर सॉलिड माउंट निर्धोक ठरते आणि पॉलियुरेथेनसुद्धा अधिक टिकते.

प्लेटविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. पुढची प्लेट साधारण ६ मिलिमीटर ॲल्युमिनियमची असते आणि ब्लॉकच्या पुढच्या तोंडावर बसते. मधली ३ ते ५ मिलिमीटरची असते आणि ब्लॉक व बेलहाउसिंग यांच्यात सँडविच होते. दोन्ही थेट चौकटीला जोडल्या जात असल्याने पीळ ब्लॉकच्या बाजूच्या लहान कानांवर (माउंट बसतात त्या उंचवट्यांवर) न येता रुंद पृष्ठभागावर पसरतो आणि शिवाय चौकटीच्या दोन्ही दांड्यांना आडवा आधार मिळतो. भार घेण्याच्या बाबतीत याहून चांगली पद्धत नाही. पण तिच्या मागण्याही आहेत. पुढच्या प्लेटच्या जाडीइतका पाण्याचा पंप पुढे सरकतो, म्हणून पुली पुन्हा एका रेषेत आणाव्या लागतात आणि पाण्याच्या वाटा दोन्ही बाजूंनी सील कराव्या लागतात. मधल्या प्लेटमुळे गिअरबॉक्स तेवढाच मागे जातो. त्यामुळे लांब डॉवेल पिना (दोन भाग अचूक जुळवणाऱ्या) लागतात, स्टार्टरची जागा तपासावी लागते आणि कन्व्हर्टर व फ्लेक्सप्लेट (क्रँकच्या टोकाची तबकडी) यांच्यातली फट वाढते.

प्लेट पिळाला ताठ असली तरी पुढे-मागे वाकते. लॉन्चच्या, म्हणजे शर्यतीत गाडी सुटण्याच्या, वेळी इंजिन मागे जाऊ नये म्हणून एका प्लेटपासून चौकटीपर्यंत पुढे-मागे रोखणारे दांडे द्यावेत, परंतु ते एकाच प्लेटला. इंजिन तापल्यावर लांबीत वाढते: अर्धा मीटर लांबीचा लोखंडी ब्लॉक ८० अंशांनी तापला तर सुमारे अर्धा मिलिमीटर, आणि ॲल्युमिनियमचा असेल तर जवळजवळ एक मिलिमीटर. दोन्ही टोके बांधली तर या वाढीला जागा उरत नाही. प्लेट वापरताना शेपटीचे माउंट मऊच ठेवावे, याचेही कारण तेच.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

तिघांचेही मनापासून आभार. गाडीखाली जाऊन पाहिले: गिअरबॉक्सचा आडवा सदस्य बॉडीच्या तळालाच बोल्ट केलेला आहे, आणि त्याच्या डाव्या बोल्टभोवती रंगाला केसासारख्या बारीक भेगा पडलेल्या दिसतात. ॲल्युमिनियमचे बुश आणि जोडदांडे यांचे काम आता आधी हाती घेतो. त्यानंतर एकमेकांत अडकणारे पॉलियुरेथेन माउंट आणि डावीकडे दांडा असे करावे, की सॉलिडच बसवावे? बसवण्याच्या क्रमाबद्दलही सांगितल्यास बरे होईल.

चौथे उत्तर

माझा अनुभव फ्रंट व्हील ड्राइव्ह, आडव्या बसवलेल्या चार सिलिंडर इंजिनाचा आहे, त्यामुळे इथे एक वेगळी बाजू मांडतो. तशी गाडी असलेल्या वाचकांनाही ती उपयोगी पडेल. आपल्या गाडीत डिफरन्शियल वेगळे मागे असते. आमच्याकडे ते गिअरबॉक्समध्येच असते, म्हणून अंतिम गुणोत्तरसुद्धा माउंटच्या हिशेबात येते. ४०० न्यूटन-मीटरचे साधे इंजिनही ३.५ चा पहिला गिअर आणि ४ चे अंतिम गुणोत्तर धरून ५,६०० न्यूटन-मीटरपर्यंत जाऊ शकते, आणि हा पीळ इंजिनाला पुढे-मागे झुलवतो. मागचे माउंट मऊ असेल तर टायर घसरतो, धरतो, पुन्हा घसरतो; ही उसळी ॲक्सल शाफ्ट तोडते. म्हणून आमच्याकडे पुढचे-मागचे माउंट कडक आणि वजन पेलणारी बाजूची दोन मध्यम, अशी जोडणी चालते.

सॉलिडबद्दल मात्र सावध राहावे लागते. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दुप्पट गतीने उभा कंप निर्माण होतो. ६,००० आरपीएमला तो सेकंदाला २०० वेळा चासीत उतरतो आणि रेडिएटरचे कान, तारांचे जोड, इंधननळीचे आधार सगळे ढिले करतो. आपले व्ही-८ ९० अंशांच्या क्रँकचे असेल तर त्याचा हा कंप मुळातच संतुलित असतो. त्यामुळे सॉलिड माउंट आपल्याला जेवढे झेपेल, तेवढे आम्हाला झेपत नाही.

तिसऱ्या उत्तरकर्त्याचा पुढील प्रतिसाद

रंगावरच्या त्या भेगा महत्त्वाच्या आहेत. तिथला रंग खरवडून पत्रा उघडा करा आणि भेदक रंगद्रव्याने (तड्यात शिरून तो दाखवणाऱ्या रंगाने) तपासा. तडा पत्र्यात उतरला असेल तर आधी तो भाग बदलावा लागेल.

आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर: चासीचे काम पूर्ण होईपर्यंत अडकणारे पॉलियुरेथेन माउंट आणि डावा दांडा. काम झाल्यावर गाडी जवळपास फक्त शर्यतीसाठीच राहणार असेल तर सॉलिड. पॉलियुरेथेनवरच थांबलात तरी या टॉर्कला ते कमी पडेल असे मला वाटत नाही. प्लेटचा विचार चौकटीला पुढपर्यंत जाणारा रोलकेज (चालकाभोवतीचा नळ्यांचा सुरक्षा पिंजरा) जोडाल तेव्हा करा. त्याआधी प्लेट घातली तर भार पोहोचवायला तिला भक्कम जागाच मिळत नाही.

बसवताना सगळे बोल्ट आधी हातानेच लावा आणि क्रेन सोडून इंजिनाचे पूर्ण वजन माउंटवर येऊ द्या. एखादे भोक जुळत नसेल तर पहारीने ओढून बोल्ट घुसवू नका. फट मोजून तेवढ्या जाडीची चकती घाला, कारण ओढून बसवलेला सॉलिड माउंट ब्लॉकच्या कानाला कायमचा ताण देत राहतो. बाजूचे माउंट घट्ट केल्यानंतर गिअरबॉक्सचा बोल्ट लावण्याआधी शेपूट आपोआप आपल्या जागेवर बसते का ते पाहा. बसत नसेल तर आडव्या सदस्याची भोके लांबट करा, आणि हा बोल्ट सर्वांत शेवटी आवळा. त्यानंतर हेडर आणि स्टिअरिंग शाफ्ट यांच्यात मऊ मातीचा गोळा ठेवून एक लॉन्च घ्या. गोळा किती चेपला यावरून उरलेली फट मिलिमीटरमध्ये कळते. सॉलिडला ६ मिलिमीटर पुरेसे असतात, पॉलियुरेथेनला मी दुप्पट ठेवतो.

इंजिन एकदा पूर्ण तापून थंड झाले की सर्व बोल्ट पुन्हा तपासा आणि प्रत्येकाच्या डोक्यावरून ब्रॅकेटवर उतरणारी रंगाची एक रेघ ओढा. बोल्ट सैल होऊन फिरला तर रेघ तुटलेली दिसते. सॉलिड माउंटमधून विजेचा मार्ग मिळत असला तरी इंजिन आणि चासी यांच्यातली जाड अर्थिंगची पट्टी काढू नका. अन्यथा स्टार्टरचा प्रवाह थ्रॉटलच्या केबलमधून वाट शोधतो आणि ती तापून अडकते.